बेड न्यायला कोणी येणार नाही

४ नोव्हेंबर २०२५
मुलुंड (पूर्व)

मा. अध्यक्ष महोदय,

म्हणजे तूच, दादा. संस्थेच्या लेटरहेडवर लिहिते आहे, म्हणून वर महोदय लिहावं लागलं. यापुढे सगळं बहीण म्हणून लिहिणार आहे, तेव्हा सांभाळून वाच.

तुला मेल केला की उत्तर हर्षदचं येतं. ‘डिअर मॅडम, आपला मुद्दा नोंदवून घेतला आहे.’ फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस. जुलैपासून तू एका अखंड मीटिंगमध्ये बसला आहेस, माणूस जेवतो तरी कधी? म्हणून कागदावर लिहिते आहे. शेजारची रुचिरा नोकरीला अंधेरीला येते, ती हे पाकीट लोखंडवालाला तुझ्या वॉचमनकडे देईल. वर ठळक अक्षरांत ‘खाजगी’ लिहिलं आहे. हर्षद ते फोडणार नाही. मुलगा सरळ आहे, एवढं मी त्याच्याबद्दल मान्य करते.

जुलैच्या सभेत तू मला सगळ्यांसमोर ‘भावनिक’ म्हणालास. ‘मधुवंतीची तळमळ मोठी आहे, पण ती जरा भावनिक आहे आणि आता संस्था प्रोफेशनली चालली पाहिजे.’ लोकांनी माना डोलावल्या. ज्यांच्या घरी मी स्वतः टेम्पोत पुढे बसून एअरबेड पोचवले, त्यांनीही डोलावल्या. वर तू हर्षदला मुख्य कार्यकारी अधिकारी करून मोकळा झालास. मी कार्यवाह होते, तशीच राहिले. म्हणजे आता काम हर्षदने करायचं आणि सह्या मी करायच्या. ठीक आहे, तेही मी गिळलं. पण काल जी नवी नियमावली हातात पडली, ती मला गिळता येत नाही.

परतीचा नियम तू वाचला आहेस का? वाचला नसशील, तुझी फक्त सही आहे. रुग्ण दिवंगत झाल्यास अठ्ठेचाळीस तासांच्या आत बेड ताब्यात घ्यायचा. शिवाय दर दोन दिवसांनी रुग्णाच्या मोबाइलवर एक संदेश जाणार, ‘उपकरण वापरात आहे का?’ लागोपाठ तीनदा ‘हो’ असं उत्तर आलं नाही की बेड वापरात नाही असं समजायचं आणि टेम्पो पाठवायचा. असं समजायचं म्हणे! कोणी समजायचं? मोबाइलने?

बाबा गेले तेव्हाचं तुला आठवत असेल. भाड्याने आणलेल्या बेडचा माणूस तिसऱ्या दिवशी दारात उभा राहिला. आई आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली होती. तू, डोक्याचं मुंडन झालेला, त्या माणसाला बेडचे नट सोडवायला पाना देत होतास. त्याचाही बिचाऱ्याचा धंदा होता. पण आईला ते आयुष्यभर लागून राहिलं. तिने आपल्या गॅरेजात हे रुग्णसाहित्य केंद्र सुरू केलं, बेड, व्हीलचेअर, वॉकर लोकांना फुकट वापरायला द्यायला लागली, तेव्हा तिने एकच नियम केला. तो अजून आपल्या पावतीच्या मागे छापलेला आहे: ‘घरात दुःखद घटना घडल्यास तेरा दिवस बेड न्यायला कोणी येणार नाही.’ भांडुप, नाहूर, घाटकोपर, कुठेही विचार, आपली संस्था लोकांना त्या एका ओळीमुळे माहीत आहे.

बाकीचं मला कळतं रे. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाते आहे, डिसेंबरअखेर गॅरेज रिकामं करायचं आहे, आणि इतके बेड काही मी माझ्या हॉलमध्ये उभे करू शकत नाही. फाउंडेशन जागा देतं आहे, नवे बेड देतं आहे. बदल्यात त्यांना प्रत्येक बेड वर्षातले किती दिवस ‘कामात’ होता ते पाहिजे. रिकामा पडलेला बेड त्यांच्या तक्त्यात लाल रंगात दिसतो. हर्षदने मला तोच तक्ता दाखवला. नाहूरच्या एका घरात बेड तेराव्याची वाट बघत रिकामा, आणि घाटकोपरच्या विमला सुर्वे जमिनीवर, पाठीला जखमा झालेल्या, आपल्या यादीत ताटकळत. ‘मॅडम, आता तुम्हीच सांगा, कोणाचं दुःख मोठं?’ प्रश्न खोटा नव्हता. म्हणून मला जास्तच राग आला.

तीस तारखेच्या विशेष सभेत हा नियम कायमचा मंजूर करून घ्यायचा तुमचा बेत आहे. मी उभी राहून विरोध करणार आहे. तोवर तो लागू करू नये, ही कार्यवाह म्हणून विनंती आणि बहीण म्हणून दटावणी.

मधू


१३ नोव्हेंबर

दादा,

लागू करू नये म्हटलं होतं. पण तुमच्या मशीनला कोण थांबवणार?

भांडुपचे गुणाजी परब तुला माहीत नसतील. तुझ्यासाठी ते तक्त्यातली एक ओळ आहेत. आधी गिरणीत होते, गिरणी बुडाल्यावर इमारतींची राखण करत मुलांना वाढवलं. आता अर्धांगाने अंथरुणावर आहेत, नळीने जेवतात, पण डोकं लख्ख आहे आणि जीभ त्याहून लख्ख. बायको माणिकवहिनी, मुलगा मुकुल. मुकुल गोरेगावला स्टुडिओत लाइटचं काम करतो. गेल्या पावसाळ्यापासून आपला बेड त्यांच्याकडे आहे. टेकडीवरची दहा बाय पंधराची खोली, त्यात बेड ठेवल्यावर उरलेल्या जागेत बाकीचा संसार.

त्यांचा फोन रिचार्ज संपून बंद पडला होता. मुकुलने सोमवारी रिचार्ज मारला आणि साठलेले सगळे मेसेज एकदम टणाटण येऊन पडले. आपला पहिला, ‘उपकरण वापरात आहे का?’ मग दुसरा. मग तिसरा. आणि मग हा, मी मुकुलच्या फोनवरून शब्द न् शब्द उतरवून घेतला आहे: ‘श्री. गुणाजी परब यांच्या दुःखद निधनाबद्दल आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत. ईश्वर मृतात्म्यास शांती देवो. उपकरण नेण्यासाठी आमचे प्रतिनिधी उद्या सकाळी येतील. कृपया गादी पुसून ठेवावी.’

मुकुलने कोणाचा मेसेज आहे हे न बघताच मोठ्याने वाचायला सुरुवात केली होती. वडील समोर पडलेले. वाचता वाचता त्याची जीभ अडखळली, तर गुणाजीच म्हणाले, “वाच, वाच, पुढे वाच.” सगळं ऐकून झाल्यावर बायकोला हाक मारून म्हणाले, “अगो माणके, मी गेलंय म्हणतत! आणि माकाच कोणी सांगूक नाय!” आणि खोकला येईपर्यंत हसले.

माणिकवहिनी हसल्या नाहीत. त्यांनी देवापुढे दिवा लावला आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत. जिवंत माणसाच्या मरणाची बातमी घरात मोठ्याने वाचली गेली, याचा त्यांनी धसका घेतला आहे. तू म्हणशील, अंधश्रद्धा. म्हण. तुझ्या बायकोच्या फोनवर तुझ्या नावाने असला मेसेज येऊ दे, मग बघू तुम्ही दोघं किती प्रोफेशनल राहता ते.

आणि थांब, इथे संपलं नाही. मुकुलने लगेच हर्षदच्या हेल्पलाइनवर फोन केला, तिथे एक दाबा, दोन दाबा. दाबत बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो हजर! दोन पोरं आत शिरली, एकाच्या हातात पाना. समोर गुणाजी डोळे उघडे ठेवून बघतायत. पोरांची बिचाऱ्यांची वाट लागली. एकाने बाहेर जाऊन ऑफिसला फोन केला, “सर, पेशंट तर जिवंत आहे, आता काय करू?” ऑफिसचं उत्तर काय असेल सांग. “मग स्टेटस चेंज करून घे.”

स्टेटस चेंज करून घे!

मी दुपारी गेले तर माणिकवहिनींनी मला आत घेतलं, पाणी दिलं, सगळं केलं. पण एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. एरवी मी गेले की “बाय, बसा, कोकमाचा सरबत घेवा” असं चालू असायचं. मी माफी मागितली तर म्हणाल्या, “तुमचो काय दोष? तुमका तरी खंय ठावक होता?” ते खरंच होतं आणि त्यामुळेच मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या संस्थेच्या नावाने माणूस मारला गेला आणि कार्यवाहाला पत्ता नाही.

हर्षदला मी फैलावर घेतलं. तो पांढराफटक पडला, म्हणाला, उत्तर आलं नाही की सिस्टीम रुग्ण गेला असं धरते, दुसरी शक्यता धरलीच नव्हती. फोन बंद असू शकतो, ही शक्यता! भांडुपच्या टेकडीवर!

आता तुझ्याकडे एकच मागणं आहे. तू अध्यक्ष आहेस. स्वतः जा. गाडी वरपर्यंत जात नाही, शेवटचा चढ चालावा लागतो, तुझ्या गुडघ्यांना झेपेल. त्या माणसासमोर बस आणि चुकलं म्हण. त्यांना पैसाअडका काही नको आहे. त्यांना कोणीतरी आपल्या तोंडाने सांगायला हवं आहे की तुम्ही आहात, बेड तुमचा आहे, तो न्यायला कोणी येणार नाही.

जाशील ना?

मधू


१९ नोव्हेंबर

दादा,

फळांची करंडी पोचली.

जिलेटिनच्या कागदात गुंडाळलेली, वर लाल फीत, आत परदेशी सफरचंदं, किवी, एक अननस. सोबत छापील कार्ड, ‘आपणास झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ खाली तुझं नाव, तेही छापील. घेऊन आलेल्या डिलिव्हरीवाल्याने दारात उभं राहून माणिकवहिनींकडे ओटीपी मागितला.

अरे, तो माणूस नळीने जेवतो! हे मी तुला स्पष्ट लिहिलं होतं. म्हणजे तू माझं पत्र पूर्ण वाचलंच नाहीस, किंवा वाचून पुढे कोणाला तरी ‘जरा बघून घे’ म्हणून सांगितलंस. मला दुसरी शक्यता जास्त खरी वाटते. तू आयुष्यभर सगळ्या गोष्टी दुसऱ्याला बघून घ्यायला सांगत आला आहेस आणि त्यालाच नेतृत्व म्हणत आला आहेस. आईच्या आजारपणात नर्स तू लावलीस, औषधांची सोय तू केलीस, मला त्याची जाण आहे. पण आईने तुझी वाट बघितली, नर्सची नाही.

गुणाजींनी करंडीकडे बघून विचारलं, “ह्यां कित्याक? माज्या तेराव्याक?” माणिकवहिनींनी ती तशीच उचलली आणि चाळीतल्या पोरांना वाटून टाकली. अननस कोणाला सोलता येईना, तो अजून नळावर पडला आहे.

दरम्यान, एक चांगली बातमी म्हणून हर्षदने मला सांगितलं की परबांच्या केसमध्ये ‘तक्रार निवारण पूर्ण’ अशी नोंद झाली आहे. करंडी पोचल्याची पावती आली की ती नोंद आपोआप होते.

मी तुला आता विनवत नाही. गुणाजींची तब्येत उतरत चालली आहे. डॉक्टर म्हणतात, दिवस नाही सांगता येत. जायचं तर आत्ता जा. सभेच्या आधी जा. तिथून सरळ सभेला ये आणि मग काय तो नियम मांड. तरीही मांडावासा वाटला तर मी एक शब्द बोलणार नाही, सही करून मोकळी होईन. एवढी पैज मी लावते.

मधू


१ डिसेंबर

श्यामकांत,

आज दादा लिहायला हात वळत नाही.

काल सभेतून मी मधेच उठून गेले आणि कार्यवाहाने असं निघून जाणं शोभत नाही, असा तुझा निरोप हर्षदने पोचवला. माझ्या गैरहजेरीत ठराव एकमताने मंजूर झाला, तेही कळलं. अभिनंदन. आता मी का गेले ते ऐक, कारण तू स्टेजवर होतास आणि तुझी पाठ आमच्याकडे होती.

तू पडद्याकडे बघत होतास. पडद्यावर तो तक्ता होता, हर्षदने लावलेला, सगळे बेड हिरव्या नि लाल ठिपक्यांत. तू म्हणत होतास की पूर्वी आपला एक बेड परत यायला दोन-दोन आठवडे लागायचे. मी हॉलच्या मागच्या दाराशी हजेरीच्या टेबलावर बसले होते. तेव्हा मागून मुकुल परब आला. बरोबर चाळीतली तिघं होती आणि त्यांच्या हातांत बेड होता. भाजीवाल्याच्या टेम्पोतून भांडुपहून आणलेला. गादी धुतलेली, अजून ओली. लोखंडी नळ्या पुसून लख्ख केलेल्या.

मुकुल मला म्हणाला, “मॅडम, आई बोलली, पहिली खाट देऊन ये, मग बाकीचं. गॅरेजला गेलो तर बंद होतं. सही कुठे करायची?”

मी विचारलं, “बाबा?”

“सकाळी गेले ना.”

माझ्या शेजारी बसलेल्या श्रुतिकाने काय केलं, तर तिला शिकवलेलं तेच केलं. तिचा काही दोष नाही, कॉलेजात शिकणारी हौशी मुलगी, रविवारी मदतीला येते. तिने टॅबवर नोंद केली. निधनाची तारीख, परतीची तारीख. दोन्ही एकच. त्या क्षणी तुझ्या पडद्यावर एक ठिपका जरासा लाल होऊन परत हिरवा झाला आणि खाली आकडा उमटला, ‘परतीचा कालावधी: शून्य दिवस.’

तू तो पाहिलास. तुझा चेहरा उजळला असणार, पाठीवरूनही कळत होतं. माइकवर म्हणालास, “बघा! आत्ता, आपल्या डोळ्यांसमोर! शून्य दिवस! नव्या पद्धतीवर लोकांचा किती विश्वास बसतो आहे, याचं याहून मोठं उदाहरण मी देऊ शकत नाही.” आणि तूच पहिली टाळी वाजवलीस. मग फाउंडेशनच्या बाईंनी वाजवली. मग सगळ्या हॉलने.

मुकुल ओल्या गादीला हात लावून उभा होता. त्याने मला विचारलं, “कशाच्या टाळ्या, मॅडम?”

मी काय सांगणार होते त्याला? तूच सांग. तू अध्यक्ष आहेस.

त्या वेळी गुणाजी घरीच होते. बहीण सावंतवाडीहून निघाली होती, ती येईपर्यंत न्यायचं नव्हतं. जमिनीवर चटई, चटईवर ते, आणि खोलीचा निम्मा भाग रिकामा, जिथे सकाळपर्यंत बेड होता. मी मुकुलबरोबर त्याच टेम्पोत बसून गेले. माणिकवहिनी मला बघून म्हणाल्या, “परत कोण दारात येवक नको म्हणान मीच धाडलंय.” मोठ्याने रडल्या नाहीत की काही नाही. नवरा गेल्यावर त्या बाईने पहिलं काम काय केलं असेल, तर बादलीभर पाणी घेऊन आपली गादी धुतली. आपल्या मेसेजमध्ये लिहिलं होतं ना, कृपया गादी पुसून ठेवावी.

मला सांग, ही कसली मदत आहे? आपण दिलेल्या वस्तूची लोकांना इतकी दहशत बसावी की मयत घरात असताना त्यांनी ती आधी परत करावी? आईने लोकांना फुकट बेड दिला आणि वर तेरा दिवस दिले. आपण लोकांना चकचकीत बेड दिला आणि वर धास्ती दिली. आणि त्या धास्तीचा आकडा पडद्यावर लावून टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी स्मशानात हर्षद आला होता म्हणे. मुकुल सांगत होता, अगदी मागे उभा होता, कोणाशी काही बोलला नाही, शेवटी लाकडं रचायला हात लावला. त्याला कोणी पाठवलं नव्हतं. मी विचारलं.

तू कुठे होतास ते मी विचारत नाही. फाउंडेशनच्या लोकांबरोबर जेवायला गेला होतास, हे ग्रुपवरच्या फोटोंत दिसलं.

बेड मी गॅरेजात ठेवून कुलूप लावलं आहे. तेरा दिवस तो कोणालाही मिळणार नाही. तक्त्यात लाल दिसू दे. लालभडक दिसू दे.

मधुवंती


८ डिसेंबर

दादा,

काल तू फोन केलास. मला वाटलं चुकून लागला. मग म्हणालास, “मला माहीत नव्हतं गं.” इतक्या महिन्यांनी फोनवर तुझा आवाज ऐकला आणि माझा सगळा आवेश गळाला, तुझं ऐकून घेऊन मी फोन ठेवून दिला. म्हणून लिहिते आहे.

तुला माहीत नव्हतं, हे मला पटतं. पण परबांबद्दलची दोन पत्रं त्याआधीच तुझ्या घरी पोचली होती. माहीत करून घ्यायला फक्त पाकीट फोडायचं होतं, आणि ती दोन्ही पाकिटं तू काल, माझं एक तारखेचं पत्र आल्यावर, एकदम फोडलीस असं म्हणालास. म्हणजे ती करंडीही ऑफिसनेच तुझ्या नावाने पाठवली होती. एवढं खरं बोललास, त्याबद्दल मी आज जास्त ओरडत नाही. राग गेलेला नाही. तो राहणार आहे, तू त्याची सवय करून घे.

आता दुसरी एक गोष्ट, जी मला लिहायला जड जाते आहे. मी लावलेलं कुलूप तीन दिवसही टिकलं नाही. बुधवारी मी भांडुपला गेले आणि मोठ्या अभिमानाने माणिकवहिनींना सांगितलं की तुमचा बेड मी तेरा दिवस कोणाला देणार नाही. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. त्या म्हणाल्या, “खाट बंद करून ठेवलास? कित्याक? कोणाक तरी होयी आसतली ना?” मी आपला नियम सांगायला लागले. त्यांनी मला मधेच तोडलं. “तेरा दिवस होये की दोन, ता माका कोणी इचारूक नाय. तेनी नाय, आणि बाय, तुमी पण नाय.”

मग मी विचारलं. पहिल्यांदा. त्या म्हणाल्या, आजच द्या. म्हणाल्या, त्यांना अंथरुणावर पडून राहायचा भारी कंटाळा होता, खाट तरी फिरू दे. त्याच दुपारी बेड घाटकोपरला विमला सुर्वेंकडे गेला. टेम्पोत पुढे मी बसले होते, मागे हर्षद बेड धरून उभा होता. सुर्वेंच्या सुनेला त्याने स्वतःचा नंबर लिहून दिला, हेल्पलाइनचा नाही.

तेव्हा नियमाचं म्हणशील तर माझं म्हणणं आता असं आहे. अठ्ठेचाळीस तास काढ. तेरा दिवसही काढ, आईचे असले तरी. घरात कोणी गेलं की संस्थेचा माणूस भेटायला जाईल, रिकाम्या हाताने, टेम्पो न घेता. बसेल. आणि निघताना विचारेल की बेडचं तुम्हाला कसं हवं आहे. लोक सांगतात, दादा. बहुतेक जण ‘लवकरच न्या’ म्हणतात, असं हर्षदचं आणि माझं मत पडलं आहे. तो आणि मी कुठल्या गोष्टीवर एकमताचे झालो, हे सभेच्या इतिवृत्तात लिहून ठेवण्यासारखं आहे. फाउंडेशनला हे चालत असेल तर उत्तम. नसेल, तर त्यांच्या बाईंना सांगायचं काम तुझं, माझं नाही आणि हर्षदचंही नाही. जागेचं मग आपण तिघं मिळून बघू. माझ्या हॉलमध्ये अर्धे बेड राहतील, मी मोजलं. उरलेले अर्धे तुझ्या हॉलमध्ये. लोखंडवालाचा हॉल मोठा आहे.

तू फोनवर विचारलंस, “आता मी काय करू?” तर ऐक. येत्या शुक्रवारी गुणाजींचं तेरावं आहे. ये. गाडी खाली ठेव आणि चढ चालून ये. हातात काही आणू नकोस, करंडी तर मुळीच नको. कोणाला बरोबर घेऊ नकोस, फोन खिशात ठेव. चपला बाहेर काढ, चाळीत खूप चपला असतील, तुझ्या कडेला ठेव. आत फोटोला नमस्कार कर. भाषण करू नकोस. माफीचं एक वाक्य पुरे आहे, ते माणिकवहिनींकडे बघून म्हण. त्या काही बोलणार नाहीत. गप्प बस, उठायची घाई करू नकोस.

मग त्या जेवायला वाढतील. जमिनीवर बसावं लागेल, गुडघे दुखतील. वाढलेलं सगळं संपव. त्या आणखी वाढायला आल्या तर नको म्हणू नकोस.

मधू